युनिट एकला बर्फ धरला

सकाळी सहाच्या रीडिंगला मशिनच्या टाकीत जेमतेम कपभर पाणी निघालं आणि सावळीराम गायधनींच्या घशाखाली चहा उतरेना.

"दोनशेवर आलं," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात याच वेळेला बाराशे होतं."

"काय दोनशे?" चंद्रभागाबाईंनी कणीक मळता मळता विचारलं.

"मिलिलिटर. जनरेशन पडलंय."

चंद्रभागाबाईंनी कणकेला दोन गुद्दे जास्त दिले. नवऱ्याचं जनरेशन पडलं की पुढे काय काय होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आधी चहा राहायचा, मग दुपारचं जेवण, आणि संध्याकाळी भाजीत मीठ जास्त आहे असं निघायचं.

नाशिकरोडला तळमजल्यावर त्यांचा फ्लॅट. मागच्या खोलीची भिंत दर पावसाळ्यात ओल धरायची आणि गाद्यांना कुबट वास यायचा. म्हणून पुण्याच्या मुलीनं, शुभांगीनं, जूनमध्ये एक डीह्युमिडिफायर पाठवून दिला. खोलीतली दमट हवा आत ओढायची, तिच्यातलं पाणी खालच्या टाकीत सोडायचं आणि कोरडी हवा बाहेर फेकायची, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. दुसरा कोणी असता तर बटण दाबून विसरून गेला असता. पण सावळीरामांची चौतीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली होती, आणि रिटायर झाल्यापासून ताब्यात घ्यावं असं काही त्यांना मिळालं नव्हतं. चंद्रभागाबाई ताब्यात येण्यातल्या नव्हत्या.

मशिन खोक्यातून निघालं त्याच दिवशी त्याचं नाव 'युनिट एक' पडलं. दोनशे पानी वही आली. तीन शिफ्ट ठरल्या. पहिली आणि तिसरी सावळीरामांची, आणि दुपारची चंद्रभागाबाईंची, कारण दोन ते चार साहेब झोपायचे. मशिनला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलं गेलं : 'युनिट चालू आहे. विचारल्याशिवाय हात लावू नये.' घरात माणसं दोनच, तेव्हा ते कोणासाठी होतं ते सांगायला नको.

इथवर सगळं खपून गेलं असतं. पण जूनच्या शेवटी चंद्रभागाबाईंचा धाकटा भाऊ भिमाजी कळवणहून एक मडकं घेऊन आला.

"आक्का, जुनं घर पाडलंय," तो म्हणाला. "नवं होईस्तोवर आम्ही पत्र्याच्या शेडात. तिथं लय गळतं. एवढं उळं तुझ्याकडं ठेव. पोळ्याच्या आधी येऊन नेतो, रोप टाकायला."

उळं म्हणजे कांद्याचं बी. मडक्यात राख होती आणि राखेत चार किलो बी होतं. साधंसुधं नव्हे, आप्पांच्या, म्हणजे चंद्रभागाबाईंच्या वडिलांच्या हातचं. दर साली त्यातलेच कांदे निवडायचे, त्यांचंच बी धरायचं, असं चाळीस वर्षं चाललेलं. बाजारातलं बी त्या घरानं कधी आणलं नव्हतं. हे गेलं तर यंदाचा कांदा गेला असता, आणि आप्पांचं वाणही कायमचं गेलं असतं.

सावळीरामांनी मडक्यात डोकावून पाहिलं आणि मान हलवली.

"राख? भिमाजीराव, राखेचं मला नका सांगू. एकलहऱ्याला मी राखेचे डोंगर बघितलेत. टाकून द्यायची वस्तू ती. बियाला कोरडी हवा पाहिजे, आणि ती आपल्या युनिटकडे चोवीस तास आहे."

"आप्पांपासून राखेतच ठेवतो, दाजी."

"आप्पांकडे युनिट होतं का?"

भिमाजीनं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं छताकडे पाहिलं. दाजींशी वाद घालायचा नसतो, असं त्याला लहानपणी शिकवलेलं होतं आणि तेच नडलं. सावळीरामांनी बी चाळून राखेतून काढलं, पांढऱ्या सुती पिशवीत भरलं आणि पिशवी मशिनच्या पुढ्यात पाटावर ठेवली, म्हणजे कोरड्या हवेचा पहिला झोत तिलाच. राख टाकायला ते निघाले, तेव्हा चंद्रभागाबाई म्हणाल्या, "असू द्या, भांडी घासायला होईल." आणि त्यांनी मडकं माळ्यावर ठेवून दिलं.

तर आता ऑगस्ट चालू होता आणि जनरेशन पडलं होतं. कारण अगदी साधं होतं. दीड महिना मशिन चालून खोली कोरडी झाली होती, हवेत पाणीच उरलं नव्हतं, तर ते टाकीत कुठून येणार. शुभांगीनं फोनवर हेच सांगितलं.

"बाबा, पाणी कमी येतंय म्हणजे मशिन चांगलं काम करतंय."

"असं नसतं, बेटा. जनरेशन पडलं की पडलं. वर काय उत्तर द्यायचं?"

"वर कोण आहे पण?"

यावर त्यांनी फोन आईकडे दिला. त्या दिवशी त्यांनी अर्धी पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तीही नाही. चंद्रभागाबाईंना नवऱ्याचा राग यायचा तसा यायचा, पण माणूस ताटावरून उठून गेलेला त्यांना बघवायचं नाही. त्यातच पावसाची झड लागून चौथा दिवस होता. बाल्कनीतले कपडे वाळेनात आणि टॉवेलला वास मारायला लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सावळीराम घोरायला लागले, तशा चंद्रभागाबाई दोरी आणि दोन खिळे घेऊन मागच्या खोलीत गेल्या. दोन लुगडी, चार टॉवेल आणि साहेबांचे पायजमे दोरीवर गेले. पाटावरच्या पिशवीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चार वाजेपर्यंत पायजमे पापडासारखे कडक वाळले आणि टाकीत भरपूर पाणी साठलं. साहेब उठायच्या आत कपडे, दोरी सगळं उतरलं. बाईंनी प्रामाणिकपणे वहीत आकडा लिहिला : अठराशे.

सावळीराम उठले, वही पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"म्हटलं नव्हतं मी? युनिट आहे ते, दमतं. विश्रांती मिळाली की लोड घेतं." त्या संध्याकाळी त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि पिठल्याचं कौतुक केलं.

एका दोरीत दोन कामं होतायत म्हटल्यावर कोणती बाई दोरी सोडील? दुसऱ्या दिवशी चादरी गेल्या. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची मोहिनी जिन्यात रडकुंडीला आलेली भेटली. तिचं बाळ तीन महिन्यांचं आणि घरात एक दुपटं कोरडं नव्हतं. "आण इकडे," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "दोन वाजता आण. बेल वाजवू नको." बाळाची दुपटी, टोपडी, लोकरीची झबली दोरीवर चढली आणि दुपारच्या शिफ्टचा आकडा दोन हजार चारशेवर गेला.

सावळीरामांनी कळवणला फोन लावला. "भिमाजीराव, रेकॉर्ड जनरेशन चाललंय. तुमचं बी नुसतं खडखडीत."

"बरं झालं, दाजी," भिमाजी म्हणाला. "आमच्या शेडात तर सगळ्याला बुरशी आली. वाफे तयार हायेत. रविवारी येतो न्यायला."

हे झालं बुधवारी. शुक्रवारी सकाळी टाकी ठणठणीत कोरडी होती. मशिन नुसतं घुमत होतं. सावळीरामांनी मागच्या फटीतून बॅटरी मारली, तर आत सगळं पांढरं.

"अगं, इकडे ये. युनिट एकला बर्फ धरला."

चंद्रभागाबाई हात पुसत आल्या आणि वाकून बघितलं. "आपल्या जुन्या फ्रिजला धरायचा तसाच की. बंद करा, वितळेल आपोआप."

"आपोआप काही नसतं. प्रोसिजर असते."

प्रोसिजर म्हणजे आधी परमिट. त्यांनी वहीचं पान फाडून लिहिलं : 'काम – बर्फ काढणे. परमिट देणार – सा. गायधनी. परमिट घेणार – सा. गायधनी.' दोन्हीकडे सही केली. मग बटण बंद केलं, प्लग काढला, प्लगला कार्ड बांधलं. पाण्याची टाकी बाहेर ओढून, धक्का लागू नये म्हणून बाथरूममध्ये नेऊन ठेवली. मागचं झाकण उघडलं. आणि शुभांगीच्या कॉलेजच्या वेळचा हेअर ड्रायर आणून, स्टुलावर बसून बर्फावर गरम हवा धरली.

पाच मिनिटं काही झालं नाही. दहा मिनिटं झाली तेव्हा आत कुठेतरी कट्ट असा आवाज आला, आणि सगळा बर्फ एकदम सुटून पाण्यासकट खाली आला. खाली टाकी असती तर तो टाकीत गेला असता. टाकी बाथरूममध्ये सुरक्षित होती. पाणी मशिनच्या पुढच्या बाजूनं निघालं, पाटावर आलं आणि सुती पिशवीनं ते सगळं पिऊन घेतलं.

ड्रायर हातात तसाच चालू राहिला. सावळीरामांनी पिशवीचं तोंड सोडलं. ओले काळे दाणे बोटांना चिकटले. एकदा भिजलेलं बी पुन्हा वाळवून उगवत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. ते खाली फरशीवरच बसले. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात आप्पांकडून कांद्याचं एक पोतं यायचं, आप्पा गेल्यावर भिमाजीनं ते चालू ठेवलं होतं. चाळीस वर्षं आपण ते नुसतं खात आलो, आणि एकदा सांभाळायला दिलं तर हे केलं, असं मनात आलं आणि त्यांना खरोखर रडू यायला लागलं.

"तुझ्या माहेरचं बी मी घालवलं," ते म्हणाले.

चंद्रभागाबाई दारात उभ्या होत्या. "अहो, आधी उठा ओल्यातून. आणि ऐका, ते बी ना –"

"नको. काही बोलू नको. इन्क्वायरी होईपर्यंत कोणी काही बोलायचं नाही."

"अहो पण मी काय म्हणते –"

"इन्क्वायरी म्हटलं ना."

बाईंना जबर धक्का बसला असणार असं सावळीरामांनी धरलं, कारण त्या आरडाओरडा न करता सरळ कढी करायला निघून गेल्या. सावळीरामांनी दाणे वर्तमानपत्रावर पसरले आणि पंखा पाचवर केला.

शनिवारी राकेश आला. नाशिकरोडला फ्रिज-एसी दुरुस्त करणारा, पंचविशीतला, कानात कायम इयरफोन. मशिनभोवतीची कार्डं त्यानं आदरानं बाजूला केली.

"बर्फ का धरला ते मी सांगतो," सावळीराम म्हणाले. "गॅस कमी झाला असणार, किंवा सेन्सर गेला असणार. मी सगळं लिहून ठेवलंय."

राकेशनं मशिनच्या बाजूनं एक जाळी सर्रकन ओढून काढली. "काका, गॅस एकदम ओके आहे. हा फिल्टर बघा."

जाळीवर करड्या कोंड्याचा जाड थर बसला होता. त्यात पिवळी लोकर होती, निळे दोरे होते, आणि एका झबल्याची लेसही होती.

"हवाच जात नाही आत," राकेश म्हणाला. "हवा नाही गेली तर कॉइल गार पडून बर्फ धरणारच. फिल्टर धुवायचा, बस. काका, या खोलीत धुणं वाळवता का?"

"धुणं? या खोलीत?" सावळीरामांना हसू येणार होतं. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवर गेली. समोरासमोर दोन नवे खिळे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको खिळ्यांकडेच बघत होती.

"किती दिवस?"

"बारा-तेरा झाले असतील."

"म्हणजे ते दोन हजार चारशे..."

"त्यात मोहिनीच्या बाळाची दुपटी होती."

राकेशला वाटलं आपण काहीतरी बोलावं. "पण काका, मशिन पॉवरफुल आहे हां," तो म्हणाला. "एवढं पाणी काढायचं म्हणजे खायचं काम नाही." आणि जाळी धुवायला तो बाथरूमकडे गेला.

सावळीराम ओरडले नाहीत. त्यांनी लाल पेन घेतलं, वही उघडली आणि दुपारच्या प्रत्येक आकड्यापुढे 'दुपटी' असं लिहीत गेले. तेरा वेळा लिहिलं. पहिले दोन दिवस दुपटी नव्हती, पायजमे आणि चादरी होत्या, हे चंद्रभागाबाईंना माहीत होतं, पण ती वेळ दुरुस्तीची नव्हती.

"सरळ सांगायचं होतंस," शेवटी ते म्हणाले.

"तुम्ही जेवत नव्हता."

सावळीरामांनी पेनचं टोपण लावलं. "उद्या भिमाजी येईल. बियाचं मी सांगणार त्याला. चूक माझी आहे, तू मध्ये पडायचं नाही."

चंद्रभागाबाईंनी बोलायला तोंड उघडलं होतं. नवऱ्याकडे जरा निरखून पाहिलं, आणि मिटलं.

रविवारी दहाला भिमाजी आला. भिजलेला, खुशीत, हातात कोवळ्या भेंडीची पिशवी. "चला दाजी, उळं द्या. उद्याच टाकतो. आमच्याकडं पाऊस उघडलाय, वाफसा लय छान हाय."

सावळीरामांनी त्याला चहा दिला आणि खिशातून कागद काढला. रात्रभर विचार करून त्यांनी रिपोर्ट लिहिला होता. उभं राहून ते वाचायला लागले. "दिनांक सदर रोजी, युनिट क्रमांक एकच्या कॉइलवर बर्फाचा थर आढळून आल्याने, प्रस्थापित प्रोसिजरनुसार –"

"दाजी, काय झालं काय?"

"– टाकी आयसोलेट करण्यात आली, तदनंतर –" त्यांनी कागदाची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"भिमाजी, माझं चुकलं," ते म्हणाले. "तुझं बी भिजवलं मी. तू राखेत घालून नीट आणलं होतंस, मी तुला हसलो. आप्पांचं बी गेलं माझ्या हातानं."

भिमाजीचा चेहरा उतरला. कप खाली ठेवून तो मागच्या खोलीत गेला आणि वर्तमानपत्रापाशी उकिडवा बसला. सावळीराम दाराशी उभे राहिले. भिमाजीनं चिमूटभर दाणे उचलले, तळहातावर पसरले, उजेडाकडे धरले. मग तोंडात टाकून चावले. पुन्हा चावले.

"आक्का," त्यानं हाक मारली, "ह्याला तिखटमीठ लाव."

"हसू नको मला," सावळीराम म्हणाले.

"हसत नाय, दाजी. हे कारळं हाय. चटणीचं. उळं तिकोनी असतं, हे बघा लांबडं."

सावळीराम वाकून बघायला लागले. सगळा जन्म कोळशाजवळ काढलेला माणूस, त्याला काळ्यातला फरक काय कळणार. "मशिनमध्ये राहून असं झालं असेल का?" त्यांनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं.

"भिमा," चंद्रभागाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "स्टूल घे आणि माळ्यावरचं मडकं उतरव."

मडकं उतरलं. फडकं सुटलं. भिमाजीनं राखेत हात कोपरापर्यंत घातला आणि मूठ वर काढली. राख खाली भुरभुरली आणि तळहातावर बी उरलं, काळं, कोरडं, वाजणारं.

"हे कधी केलंस?" सावळीरामांनी बायकोला विचारलं.

"भिमा त्या दिवशी कोपऱ्यावरून वळायच्या आत. माझ्या माहेरचं बी मी पुठ्ठ्याच्या कार्डावर सोडीन होय?"

"मग मला सांगायचं तरी."

"शुक्रवारी दोनदा सांगायला आले. इन्क्वायरी चालू होती."

"आणि काल? काल तर तोंड उघडलं होतंस."

"काल मला ऐकायचं होतं."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. चाळीस वर्षं झाली, एकदा ऐकावं म्हटलं." एवढं म्हणून त्या वळल्या, आणि पुन्हा फिरून म्हणाल्या, "आणि माझं वर्षाचं कारळं गेलं, ते वहीत लिहा."

भिमाजी मडक्यावर वाकून हसत होता. सावळीराम पुढे झाले. त्यांनी मडक्यातली चिमूटभर राख घेतली, दोन बोटांत चोळली, नाकाजवळ नेली. दोघं बहीणभाऊ त्यांच्याकडे बघत राहिले.

"गोवरीची आहे," ते म्हणाले. "बारीक आहे. ओल अजिबात नाही." थोडं थांबून म्हणाले, "चांगली आहे."

भिमाजी दुपारी जेवून मडकं घेऊन गेला. जाण्याआधी त्यानं एका छोट्या गाडग्यात राख घातली, तिच्यात ओंजळभर बी मिसळलं आणि गाडगं आक्काकडे ठेवलं. शेडात काही कमीजास्त झालं तर निदान वाण राहील, असं म्हणाला, आणि हे म्हणताना त्यानं दाजींकडे पाहिलं.

सोमवारी सकाळी सहाला चंद्रभागाबाईंना स्टूल सरकवल्याचा आवाज आला. त्या चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा सावळीराम माळ्यावरून उतरत होते. वर ठेवलेल्या गाडग्याच्या गळ्यात दोऱ्यानं पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं होतं : 'युनिट दोन. चालू आहे. चंद्रभागाबाईंना विचारल्याशिवाय हात लावू नये.'

ते टेबलाशी बसले आणि वही उघडली. युनिट एकपुढे दुपारच्या शिफ्टचा नवा रकाना आखला होता, 'दुपटी – नग'. खाली युनिट दोनचं नवीन पान होतं. बाईंनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

'पाणी – शून्य. शेरा – उत्तम.'

सावळीरामांनी सही केली, कप उचलला आणि चहा एका दमात पिऊन टाकला.